दुसऱ्या सकाळचं गणित

पहिल्या दिवशी काहीच होत नाही. मांडव्याच्या धक्क्यावर बोटीतून सायकल उतरवायची, अलिबागेत पोटभर नाश्ता करायचा, रेवदंड्याचा पूल ओलांडून काशिदच्या झाडीतून मुरूड गाठायचं, आगरदांड्याला फेरीबोटीत चढून दिघीला उतरायचं आणि दिवस कलता कलता दिवेआगरच्या एखाद्या वाडीत सायकल टेकवायची. नव्वदच्या आसपास किलोमीटर होतात. रात्री उकडीच्या मोदकावर तूप सोडताना कुणीतरी म्हणतंच, "उगाच घाबरलो होतो, गोवा काही लांब नाही."

मग दुसरी सकाळ उजाडते. सीटवर बूड टेकताक्षणी तोंडातून "आई गं" निघतं. पाय फिरतात, पण त्यांत जीव नसतो. श्रीवर्धनच्या अलीकडच्या पहिल्याच चढावर, जो काल दिसलासुद्धा नसता, उतरून सायकल ढकलायची वेळ येते. आमच्या पहिल्या सफरीत आमच्यातला सगळ्यात धट्टाकट्टा गडी, रोज जिममध्ये घाम गाळणारा, हरिहरेश्वरला टेम्पोत सायकल टाकून परत गेला. आणि एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही आदल्या दिवशी प्रत्येक वळणावर थांबून "काका, येताय ना?" असं विचारत होतो, ते त्याच चालीने शेवटपर्यंत आले.

शरीर तेच, सायकल तीच, रस्ताही त्याच जातीचा. मग एका रात्रीत बिघडलं काय? लांबच्या सफरीची सगळी तयारी या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. सफर म्हणजे एका दिवसात नव्वद किलोमीटर जाणं नव्हे. ते बहुतेक धडधाकट माणसं दात-ओठ खाऊन एकदा जातात. उद्या सकाळी उठून तेवढंच पुन्हा जाता येणं, आणि परवाही, याला सफर म्हणतात.

सिंहगडाचं दुखणं वेगळं, हे वेगळं

आधी एका जुन्या गैरसमजाची वाट लावू. "पायात लॅक्टिक ॲसिड साचलं" हे आपल्याकडचं ठरलेलं निदान. जोरात दम काढला की स्नायूंत लॅक्टेट वाढतं हे खरं, पण थांबल्यावर तासा-दीड तासात रक्त ते वाहून नेतं आणि शरीर त्याचा चक्क इंधन म्हणून वापर करतं. दुसऱ्या सकाळपर्यंत त्याचा मागमूसही उरत नाही.

पुणेकरांना दुसरा अनुभव ओळखीचा असेल. फार दिवसांनी सिंहगड चढून उतरलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतात. हे दुखणं चढण्याचं नसतं, उतरण्याचं असतं. उतरताना मांडीचा स्नायू अंगाचा भार तोलत तोलत लांब होतो, ताणलेला दोर हळूहळू सोडावा तसा. त्या ओढाताणीत स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होतात आणि एक-दोन दिवसांनी त्या ठणकतात. सायकलवर मात्र स्नायू भार ढकलताना आखडतो, भाराखाली लांब होत नाही. त्यामुळे सायकलीने मांड्या थकतात, रिकाम्या होतात, पण गड उतरल्यासारख्या सहसा ठणकत नाहीत.

म्हणजे दुसऱ्या सकाळचे गुन्हेगार दुसरेच. पहिला, रिकामी झालेली इंधनाची कोठी. दुसरा, गुडघे, मनगटं, मान अशा सांध्यांवर हजारो वेळा पडलेला लहानसा चुकीचा ताण. तिसरा, ज्याबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही, तो म्हणजे बूड. तिघांचा बंदोबस्त वेगवेगळ्या मार्गाने होतो, आणि त्यातला कुठलाच मार्ग जिममधून जात नाही.

काटक्या आणि ओंडका

शरीराला दोन प्रकारचं सरपण मिळतं. एक साखरेचं. भात, भाकरी, केळं, गूळ, काहीही खाल्लं की त्यातली साखर रक्तात येते आणि जास्तीची साखर लांब साखळ्यांत गुंफून स्नायूंत आणि यकृतात साठवली जाते. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो फार नसतो, ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरी. दुसरं सरपण चरबीचं. सडपातळ माणसाच्या अंगावरही दहाएक किलो चरबी असते आणि किलोमागे ७,७०० च्या आसपास कॅलरी धरल्या तर हा साठा पाऊण लाखाच्या वर जातो. मुंबई ते गोवा जाऊन परत येण्याइतकं सरपण प्रत्येकाच्या पोटावर बांधलेलं आहे.

मग माणूस थकतो का? कारण ग्लायकोजेन काटक्यांसारखं आहे आणि चरबी ओंडक्यासारखी. काटक्या भसकन पेटतात, मोठा जाळ देतात आणि संपतात. ओंडका तासन् तास जळतो, पण मंद. घाईने पाणी उकळायचं असेल तर ओंडक्याचा उपयोग नाही. शरीरही तसंच वागतं. रमतगमत चालवलं तर मोठा वाटा चरबी उचलते. जोर वाढवला, दम लागू लागला, की चरबीचा पुरवठा पुरा पडत नाही आणि शरीर काटक्यांवर हात टाकतं. शिवाय ओंडका पेटता राहायला खाली थोडा काटक्यांचा जाळ लागतोच. काटक्या पार संपल्या की ओंडकाही धुमसू लागतो. डोळ्यांपुढे अंधारी, हातांना कंप, कारण नसताना रडू येणं, सोबत्यावर खेकसणं: सायकलवाले या अवस्थेला "बॉंक झाला" म्हणतात.

आता पहिल्या दिवसाचा हिशोब मांडा. पाच-सहा तासांत दोन हजार कॅलरी सहज खर्च होतात. आमच्या जिमवाल्याने प्रत्येक चढावर इतरांना मागे टाकत त्यातल्या बहुतेक काटक्यांतून भागवल्या. काकांनी मंद चालीने निम्मं काम ओंडक्याकडून करून घेतलं. संपलेलं ग्लायकोजेन पुन्हा भरायला, नीट खाल्लं तरी, जवळजवळ चोवीस तास लागतात. रात्री मोदक कितीही चापले तरी सकाळी सातला कोठी अर्धीच भरलेली. एक जण दुसऱ्या दिवशी अर्ध्या टाकीवर निघाला, दुसरा जवळपास भरलेल्या.

हळू चालवण्याचा सराव

इथे नवशिक्याला पटत नाही अशी गोष्ट येते: लांब जायचं तर सरावातला बहुतेक वेळ हळूच चालवायचं. अंगात ताकद यावी म्हणून नव्हे, ओंडका जाळण्याची चूल मोठी व्हावी म्हणून.

ही चूल स्नायूंच्या पेशींत असते. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव तंतुकणिका. प्राणवायू वापरून चरबी आणि साखर जाळायचं काम तिथे चालतं. आठवड्यातून तीन-चार वेळा तास-दोन तास सौम्य चालवत राहिलं की काही आठवड्यांत या चुलींची संख्या आणि आकार वाढतो. त्यांना प्राणवायू पोचवणाऱ्या केशवाहिन्यांचं, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं, जाळं दाट होतं. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. सगळ्यात आधी, पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांतच, रक्तातल्या पाण्याचा अंश वाढतो. "परवापेक्षा आज दम कमी लागला" हा सुरुवातीचा सुखद अनुभव बहुतांशी त्याचा.

खेडेगावात अजूनही कुठे कुठे दिसणारा, काळ्या दणकट सायकलीला दोन किटल्या अडकवून जाणारा दूधवाला आठवा. ती सायकलच वीसेक किलोची, त्यात दूध वेगळं, आणि माणूस पन्नाशीचा. तो कधी धापा टाकताना दिसला आहे? त्याने कुणाकडून शिकवणी घेतलेली नाही. वर्षानुवर्षं, रोज, घाई न करता. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या मांड्यांत तंतुकणिकांचा बाजार भरलेला आहे.

हळू म्हणजे किती हळू, हे कळायला हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ लागत नाही. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. "काल आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय झालं माहितीये का" हे वाक्य मधे श्वास न तोडता संपलं तर चाल बरोबर. दोन शब्दांनी तुटलं तर गिअर हलका करा. एकटे असाल तर गाणं म्हणा. रस्त्यावरचे लोक बघतील, बघू देत. आठवड्यातून एखाद्या दिवशी चढावर मुद्दाम दम काढायला हरकत नाही, तेही पहिला महिना उलटल्यावर.

हळू चालवण्याचं आणखी एक कारण हवेत आहे. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जायला साधारण माणसाला ८०-८५ वॉट लागतात, जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा थोडे जास्त. ताशी ३० ने जायला दोनशेच्या वर. वेग दीडपट, खर्च अडीच पटींहून अधिक! कारण वेग वाढला की समोरची हवा त्याच्या वर्गाच्या पटीत अडवते, आणि आपण तिच्यात घुसतोही जास्त भराभर. नवशिक्या घाईत जे वीस मिनिटं वाचवतो त्याची किंमत दुसऱ्या सकाळी मोजतो. फ्रान्सच्या परंपरेतून आपल्याकडे रुजलेल्या ऑडॅक्सच्या सफरी कणखर लोकांच्या म्हणून ओळखल्या जातात, पण त्यांतही २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात. चहा, पंक्चर, झाडाखालची डुलकी सगळं धरून सरासरी ताशी पंधराच्याही खाली येते.

स्लॅबला पाणी मारायचे दिवस

घर बांधताना स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर भिंत उभी करत नाहीत. दिवसातून दोनदा पाणी मारत तो मुरू देतात. सरावाचंही असंच. सायकल चालवताना शरीर मजबूत होत नाही, उलट थोडं मोडतं. मजबूत होतं ते नंतर, झोपेत आणि सुट्टीच्या दिवशी. म्हणून रोज पन्नास किलोमीटर रेटणारा उत्साही माणूस पंधरा दिवसांनी अधिक हळू जाऊ लागतो, चिडचिडा होतो, रात्री तळमळतो. त्याने स्लॅबवर स्लॅब टाकले, पाणी मारलंच नाही.

यात एक छुपा धोका आहे. शरीराचे सगळे भाग एका गतीने मुरत नाहीत. रक्त आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतात, स्नायूही सुधारतात. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांना महिनोन् महिने लागतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात नेमकं असं होतं की दम पुरतो, पाय फिरतात, मन म्हणतं आज शंभर करूच, आणि गुडघ्याची वाटी दुसऱ्या दिवशी निषेध नोंदवते. आठवड्याचं एकूण अंतर एका वेळी दहाएक टक्क्यांपलीकडे न वाढवण्याचा आणि दर चौथा आठवडा हलका ठेवण्याचा जो प्रघात आहे तो कंडरांच्या सोयीसाठी. दहा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. सावध राहायचं, एवढाच त्याचा अर्थ.

दिवसाला चोवीस हजार वेळा

मिनिटाला ८० वेळा पेडल फिरवलं तर तासाला ४,८०० फेरे, पाच तासांत २४,०००. चपलेत खडा घेऊन चोवीस हजार पावलं चालावं, तसं सीटच्या उंचीतल्या चुकीचं होतं.

आपल्याकडे सीट बहुतेकांची खालीच असते. लहानपणी तासावर भाड्याने आणलेल्या सायकलीवर आधी कैची मारत, मग दांडीवरून आपण शिकलो. पाय जमिनीला टेकले पाहिजेत ही भीती तेव्हापासूनची. पण सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेऱ्यात नको तितका दुमडतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. साधी चाचणी करा. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर येतो तेव्हा गुडघा जरासाच वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. बदल करताना एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरचा करा आणि दोन-तीन दिवस बघा.

दुसरी सवय जड गिअर रेटण्याची. वीस विटा एका पाटीत उचलून एक खेप करायची, की पाच-पाचच्या चार खेपा? काम तेवढंच, पण पहिल्यात कंबर जाते. हलका गिअर लावून पाय भराभर फिरवणं म्हणजे पाच-पाचच्या खेपा. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा. वीसच्या आसपास हवा. बारा-तेराच असेल तर गुडघ्यांवर विटा लादताय. सुरुवातीला भराभर फिरवताना सीटवर उड्या बसतात, हसू येतं. दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं.

हातांचंही तसंच. करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागली तर समजायचं की तळहाताच्या टाचेखालून जाणारी नस हँडलवर चेपली जाते आहे. पकड बदलत राहणं, कोपर किंचित वाकवणं, हातमोजे आणि गरज पडली तर हँडल थोडं उंच करणं, एवढ्याने बहुधा भागतं. बधिरपणा रात्रभर राहिला तर मात्र तो अंगावर काढू नये.

आता बूड. बसल्यावर आपला भार खालच्या दोन टोकदार हाडांवर यायला हवा. नवशिक्या दुकानात जाऊन सोफ्यासारखी रुंद, मऊ जेलची सीट आणतो. पहिल्या दहा किलोमीटरला स्वर्ग. नंतर हाडं त्या मऊ गादीत रुततात, गादी मधून वर येते आणि जिथे दाब यायला नको त्या नाजूक भागावर दाब येतो. हाडांमधल्या अंतराला जुळणारी, जराशी टणक सीट शेवटी बरी पडते. पॅड असलेली सायकलची चड्डी आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते. हे दुकानात कुणी सांगत नाही आणि शिवणींच्या रेघा अंगावर उमटल्यावर कळतं. कातडी घासते तिथे पेट्रोलियम जेली किंवा घरचं खोबरेल तेल. बाकी, बुडाची सवय फक्त वारंवार बसून होते, रविवारी एकदाच चार तास बसून नव्हे. मधल्या वारी पाऊण तासाच्या दोन-तीन फेऱ्या याच कामासाठी.

नकाशावर न दिसणारा चढ

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं देशावरच्या माणसाला हमखास वाटतं. कोकणात ते खोटं ठरतं, कारण सह्याद्रीतून निघालेल्या नद्या खाड्या होऊन रस्ता तोडत जातात. वेसवी, दाभोळ, जयगड: प्रत्येक खाडीला रस्ता समुद्रपातळीवर उतरतो, बोटीने पलीकडे जातो आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढतो. एकही चढ आंबोलीएवढा नाही, पण दिवसभरात बेरीज होते.

सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरले, तर शंभर मीटर उंची चढायला लागणारी ऊर्जा सपाट रस्त्यावर ताशी वीसने सहा किलोमीटर जायला पुरेल. उतारावर थोडी परत मिळते, पण कोकणच्या वळणांवर आपण ती ब्रेक तापवण्यात घालवतो. म्हणून साठ किलोमीटरच्या दिवसात आठशे मीटर चढ असेल तर तो दिवस साठचा नसतोच. नवशिक्याने मुंबई-गोवा किनाऱ्याने आठ-नऊ दिवसांत करावं, सहात करण्याचा हट्ट धरू नये, हे मत मी या हिशोबावर बेतलं आहे.

सरावात चढ हवाच. पुण्याच्या लोकांना बोपदेव, कात्रजचा जुना घाट, खडकवासल्यापुढचे रस्ते आहेत. सपाट गावात राहणाऱ्यांनी वाऱ्याला चढ समजावं. भर दुपारच्या उलट्या वाऱ्यात तासभर चालवणं हा तितकाच चांगला शिक्षक आहे. आणि चढावर कुणी मागे टाकलं तर टाकू द्यावं. सायकलीचा सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पुढचं लहान आणि मागचं मोठं दातेरी चाक, लावायला लाज वाटून घेऊ नये. तो त्यासाठीच दिलेला आहे.

[चौकट] बारा आठवडे, ढोबळमानाने

गणपती उठले की सुरुवात, डिसेंबरात सफर. पाऊस ओसरतो, थंडी येते.

आठवडे १ ते ४: मधल्या वारी तीनदा ४५ मिनिटं ते एक तास. रविवारी २५, ३०, ३५ किलोमीटर. चौथ्या आठवड्यात पुन्हा २५.

आठवडे ५ ते ८: मधल्या वारी तीनदा, त्यातला एक दिवस चढाचा. रविवारी ४०, ४५, ५०, आठव्यात ३५. सहाव्यापासून कॅरिअरवर पाच किलो वजन.

आठवडे ९ ते ११: मधल्या वारी दोनदाच. शनिवार-रविवार लागोपाठ: ४० आणि ३०, मग ५० आणि ४०, मग ६० आणि ५०. सामान सफरीएवढं, आठ-दहा किलो.

आठवडा १२: सगळं निम्मं. झोप पूर्ण.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर लांब अंतरावर अचानक उतरू शकते.

शनिवारनंतरचा रविवार

वरच्या चौकटीतल्या नवव्या आठवड्यापासूनच्या जोड-दिवसांना पर्याय नाही. सत्तरचा एकच रविवार सांगतो की इंजिन आहे. चाळीसच्या शनिवारनंतरचा तीसचा रविवार सांगतो की दुसरी सकाळ जमेल. त्या रविवारी जे कुरकुरतं, मान, डावा गुडघा, पाठीवरच्या पिशवीचा पट्टा, तेच सफरीत रडवणार. पाठीवर पिशवी घेऊ नका, हे तेव्हाच कळतं: पाच किलोचं ओझं पाठीवर घेतलं की ते बुडावर, मनगटांवर आणि मानेवर येतं, तेच कॅरिअरला लटकवलं की चाकांवर जातं.

त्या रविवारी खाण्याचीही रंगीत तालीम करून घ्यावी. भूक लागल्यावर खाल्लं की उशीर झालेला असतो, कारण काटक्या संपत आल्याची वर्दी पोट वेळेवर देत नाही. पहिल्या पाऊण तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट आणि साखर पोटात जावी. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतं. त्याला राजगिऱ्याचा लाडू, खजूर किंवा चिक्कीची जोड दिली की झालं. परदेशी जेलच्या पुड्या लागत नाहीत. मात्र चिक्कीतले शेंगदाणे भर चढावर काहींच्या पोटात दगड होतात. तुमच्या होतात का, हे मालगुंडच्या उन्हात कळण्यापेक्षा घराजवळ कळलेलं बरं. मुक्कामाला पोचल्यावर आंघोळीची वाट न बघता तासाभरात भात-वरण, दही-भात, मासे-भात, जे मिळेल ते. पहिल्या तासात स्नायू साखर भराभर ओढून घेतात, आणि डाळ-माशातली प्रथिनं डागडुजीला लागतात.

पाण्याचा प्रश्न कोकणात अधिक खट्याळ आहे. आपण जाळतो त्यातला पाव हिस्साही पेडलपर्यंत पोचत नाही. बाकीची उष्णता होते आणि ती घाम वाळला तरच बाहेर जाते. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ठिबकतो. त्यामुळे डिसेंबरातही तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, ऊन चढलं की जास्त. घामाच्या लिटरमागे साधारण अर्धा चमचा मीठ जातं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. दुपारी टी-शर्टवर पांढरी नक्षी उमटत असेल तर तुमचं जास्त. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसणं हाही उपाय नव्हे. रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं, मळमळतं, प्रकरण गंभीरही होऊ शकतं. मीठ घातलेलं कोकम सरबत, ताक, लिंबू सरबत ही या भागाची सोय याच हवेतून जन्मली असावी, असा मला दाट संशय आहे.

शेवटच्या आठवड्यात नवं काही करायचं नसतं. नवी सीट नाही, नवे बूट नाहीत, "किती जातं बघू" म्हणून शंभर किलोमीटर तर अजिबात नाहीत. त्या आठवड्यात काय करावं, तर घराच्या अंगणात मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघावी, घड्याळ लावून. हर्णै किंवा गुहागरला पंक्चरवाला सापडेल. मधल्या सड्यावर तुम्ही, सायकल आणि फार तर एखादी म्हैस.

आणि एक बारीकशी गोष्ट दाभोळसाठी राखून ठेवा. तिथली फेरीबोट पकडायला धक्क्यावर थांबावं लागलं तर कुरकुर करू नका. सावलीला पाय सोडून बसा, केळं खा, बाटली भरा. बोटीवर सायकल उभी असतानाच मागचं चाक जरा उचला, हाताने पेडल फिरवा आणि सगळ्यात हलका गिअर लावून ठेवा. पलीकडे धोपाव्याला उतरलं की गाड्या मागून हॉर्न मारत येतात आणि रस्ता लगेच चढाला लागतो.